गंज म्हणा, पातेलं म्हणा: वस्तूंना आपण नाव कसं देतो

नागपूरच्या इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक उभट भांडं मांडलेलं आहे. काठ बाहेर वळलेला, कान नाहीत, झाकण वेगळं. रामटेककडची बाई त्याला गंज म्हणते. पुण्याहून बदलीवर आलेलं जोडपं पातेलं म्हणतं. घरात हिंदी बोलणारं गिऱ्हाईक भगोना मागतं आणि दुकानदार बिलावर 'टोप, 3 लि.' लिहून मोकळा होतो. व्यवहार कुठेच अडत नाही, कारण त्या भांड्याबद्दलची माहिती सगळ्यांकडे सारखीच आहे. यात दूध तापवतात, सांडशीशिवाय ते उचलता येत नाही, आणि तीन लिटरच्या भांड्यात तीन लिटर दूध घातलं तर ते उतू जाणारच.

माहिती एक आणि नावं चार, हे जमतं कारण वस्तू ओळखणं आणि तिला नाव देणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही इतकी झटपट उरकतात की एकच वाटतात. दुकानातली लेबलं, मुलांचं बोलायला शिकणं, आजारपणात शब्द न सापडणं, कराचे खटले, या सगळ्यातले बरेच घोळ या दोन कामांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

600 मिलिसेकंदांत काय घडतं

ओळखीच्या वस्तूचं चित्र समोर आल्यापासून तिचं नाव उच्चारायला सुरुवात होईपर्यंत निरोगी प्रौढ माणसाला साधारण 600 मिलिसेकंद ते 1 सेकंद लागतो. पहिल्या 200 मिलिसेकंदांच्या आसपास डोळ्यांनी टिपलेला आकार आठवणीतल्या आकारांशी जुळतो आणि ही वस्तू काय, कशासाठी, हे मेंदूला कळतं. मग त्या अर्थाला जोडलेले शब्द जागे होतात. गंज, पातेलं आणि भगोना हे तिन्ही शब्द येत असतील तर तिन्ही थोडेथोडे जागे होतात आणि त्यातला एक निवडावा लागतो. त्या शब्दाचं व्याकरण (तो गंज, ते पातेलं) आणि त्याचे ध्वनी वेगवेगळे हाती येतात, आणि शेवटी जीभ-ओठ हलतात.

मानसशास्त्रज्ञ ओल्डफील्ड आणि विंगफील्ड यांनी 1965 मध्ये दाखवलं की वस्तूचं नाव भाषेत जितकं जास्त वापरात, तितकं ते लवकर तोंडात येतं. चाळणी पटकन म्हटलं जातं. रोवळी मात्र अडखळत येते, तांदूळ धुवायला ती कशी वापरतात हे नीट माहीत असलं तरी. ज्ञान तयार आहे, शब्दाची वाट मात्र फारशी मळलेली नाही.

'अगदी जिभेवर आहे' ही अवस्था याचंच टोक. 1966 मध्ये ब्राउन आणि मॅकनील यांनी लोकांना कमी वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द विचारला. ज्यांना तो आठवत नव्हता पण जिभेवर होता, त्यांतल्या अनेकांना शब्दाचं पहिलं अक्षर किंवा उच्चारताना त्याचे किती तुकडे पडतात हे बरोबर सांगता येत होतं. म्हणजे अर्थ सापडला, शब्दही सापडला, फक्त त्याचे सगळे ध्वनी हाती आले नाहीत.

घरात कुणाला पक्षाघातानंतर किंवा वयानुसार नावं आठवेनाशी झाली, तर नेमकं कोणतं काम बिघडलंय याचा अंदाज घरीही येऊ शकतो. कंगवा दाखवा आणि नाव विचारा. नाव आलं नाही तर 'याचं काय करतात ते दाखवा' म्हणा. मग कंगवा, चमचा, किल्ली आणि चष्मा शेजारी ठेवून 'यातला कंगवा कोणता' असं विचारा. केसांवरून हात फिरवला, बोटही बरोबर ठेवलं, पण नाव आलं नाही, तर ज्ञान शाबूत आहे आणि शब्दापर्यंतचा रस्ता अडलाय. अशा माणसाला लगेच शब्द पुरवू नका. पाचदहा सेकंद थांबा, मग अर्थाची खूण द्या ('केस विंचरायला लागतो तो'), त्यानेही नाही आलं तर पहिला ध्वनी द्या ('कं…'). बऱ्याचदा एवढ्याने शब्द सुटतो.

कंगव्याचं कामच दाखवता आलं नाही, किंवा बोट चमच्यावर गेलं, तर गोष्ट वेगळी. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात अर्थाचं भांडारच झिजत जातं आणि ते झिजतं बारकाव्यांपासून. आधी हरिण आणि काळवीट यांतला फरक जातो, मग शेळी, घोडा, हरिण सगळेच 'कुत्रा' होतात, पुढे नुसतं 'प्राणी' उरतं. इथे पहिला ध्वनी सांगून फारसा उपयोग होत नाही. हळूहळू वाढणारा त्रास मेंदूविकारतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांना दाखवावा. शब्द अचानक बंद झाले, तोंड वाकडं झालं किंवा एक हात खाली पडू लागला, तर वरच्या चाचण्यांत एक मिनिटही घालवू नका. गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

विड्याचं पान भाजी आहे का

आता गटांकडे. जुनी समजूत अशी की प्रत्येक गटाची एक व्याख्या असते, अटी पूर्ण झाल्या की वस्तू आत, नाहीतर बाहेर. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला हा विचार त्रिकोणाला चोख लागू पडतो. 'भाजी' म्हटलं की त्याची पंचाईत होते.

आपल्या भागात तर ही पंचाईत न्यायालयापर्यंत गेली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडाच्या 1947 च्या विक्रीकर कायद्यात भाज्यांना करमाफी होती. विड्याच्या पानांची आधी वेगळी नोंद होती, ती पुढे काढून टाकण्यात आली. मग व्यापाऱ्यांनी मुद्दा मांडला की पान हा वनस्पतीचाच भाग, तेव्हा कायद्यातल्या 'व्हेजिटेबल' या शब्दात ते बसतं. नागपूरच्या संत्रा मार्केटमधल्या पान व्यापाऱ्यांच्या संघटनेचं प्रकरण इथल्या उच्च न्यायालयात चाललं. न्यायालय म्हणालं की शब्दाचा निसर्गशास्त्रातला ऐसपैस अर्थ घ्यायचा नाही. जे परसबागेत पिकतं आणि जेवणाच्या ताटात येतं, ते भाजी. अकोल्याच्या व्यापाऱ्यांच्या प्रकरणात 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व उचलून धरलं आणि विड्याचं पान भाजी नाही असा निकाल दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1893 मध्ये आयातकराच्या खटल्यात टोमॅटोबद्दल असंच म्हटलं होतं: वनस्पतिशास्त्रात ते फळ असेल, पण लोक जेवणात भाजी म्हणून खातात.

आपलं भेदरं म्हणजे तेच टोमॅटो, आणि त्याला कुणी फळांच्या टोपलीत ठेवत नाही. वस्तूचा गट तिच्या घडणीवरून जितका ठरतो तितकाच तिच्या वापरावरून ठरतो, हे न्यायाधीशांनी मानसशास्त्रज्ञांच्या बरंच आधी मान्य केलं होतं.

मानसशास्त्रात हा प्रश्न 1970 च्या दशकात एलिनॉर रॉश यांनी धसाला लावला. त्याआधी 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइन यांनी 'खेळ' या शब्दाचं उदाहरण दिलं होतं. हुतुतू, बुद्धिबळ, एकट्याने भिंतीवर चेंडू मारणं, या सगळ्यांत समान असं एकही लक्षण काढून दाखवता येत नाही. एका घरातल्या माणसांचं जसं असतं, एकाचं नाक दुसऱ्यासारखं, दुसऱ्याची चाल तिसऱ्यासारखी, तसं यांचं साम्य असतं. रॉश यांनी हे मोजलं. 1975 च्या अभ्यासात त्यांनी कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना एकेका गटातल्या वस्तू देऊन विचारलं, 'ही वस्तू या गटाचं किती चांगलं उदाहरण आहे?' 1 म्हणजे उत्तम, 7 म्हणजे अगदीच दूरचं. फर्निचरमध्ये खुर्ची आणि सोफा वर आले, टेलिफोन तळाला गेला. फळांमध्ये संत्रं पहिलं आलं, ऑलिव्ह शेवटाकडे. (नागपूरकरांनी फार हुरळू नये. त्यांचं संत्रं घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीच्या कुळातलं.)

हे अंक नुसते मतांचे नाहीत. 'संत्रं हे फळ आहे, खरं की खोटं?' याचं उत्तर 'नारळ हे फळ आहे' यापेक्षा लवकर मिळतं. गटाची उदाहरणं सांगा म्हटलं की चांगली उदाहरणं आधी येतात. मुलंही तीच आधी शिकतात.

इथे एक गैरसमज फार पसरलाय: उदाहरण जितकं फिकं, तितकी वस्तू गटात कमी. हे खरं नाही. 1983 मध्ये आर्मस्ट्राँग आणि ग्लाइटमन दांपत्याने लोकांना सम आणि विषम संख्यांबद्दलही हाच प्रश्न विचारला. सम संख्येची व्याख्या ठाम आहे, तरी लोकांनी 4 ला 106 पेक्षा चांगली सम संख्या ठरवलं! उदाहरण म्हणून चटकन सुचणं आणि गटात असणं या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. सीमेवरच्या वस्तूंचं मात्र खरोखरच डळमळीत असतं. 1978 मध्ये मॅक्लॉस्की आणि ग्लक्सबर्ग यांनी त्याच माणसांना काही काळाने तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा स्पष्ट उदाहरणांवर उत्तरं टिकली आणि मधल्या वस्तूंवर अनेकांनी स्वतःचंच उत्तर फिरवलं.

वाटी कुठे संपते

सीमा कशी सरकते ते भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी 1973 मध्ये कपांच्या चित्रांवर दाखवलं. खोली तीच ठेवून कप रुंद करत नेले. रुंदी खोलीएवढी असेपर्यंत सगळे कप म्हणाले, दीडपटीनंतर काही जण बाऊलकडे झुकले, अडीचपटीला बहुतेकांनी बाऊल म्हटलं. मध्ये रेघ नव्हती, पट्टा होता. मग त्यांनी तीच चित्रं दाखवून सांगितलं की यात कुस्करलेला बटाटा आहे असं समजा. तेव्हा लोक बरंच आधी बाऊल म्हणू लागले. चित्र तेच, आतला ऐवज बदलला आणि सीमा सरकली.

हा प्रयोग घरी किंवा वर्गात करता येतो, आणि आपल्याकडे तो जास्त रंगतो, कारण वाटी, कटोरा, पेला आणि कप असे चार दावेदार असतात. जाड कागदाची पाच कार्डं घ्या. प्रत्येकावर 8 सेंमी खोलीचं, बिनकानाचं भांडं बाजूने दिसेल तसं काढा. तोंडाची रुंदी अनुक्रमे 8, 10, 12, 15 आणि 20 सेंमी. किमान 20 जणांना, एकेकाला वेगळं बोलावून, कार्डं पिसून दाखवा आणि फक्त 'हे काय आहे?' एवढंच विचारा. पहिलं उत्तर जसंच्या तसं लिहा. मग तीच कार्डं पुन्हा दाखवा आणि आधी सांगा, 'यात वरण आहे असं समजा.' दुसऱ्या 20 जणांना 'यात ताक आहे' असं सांगा.

हा प्रयोग फसतो तो ठरावीक कारणांनी. अरुंदापासून रुंदापर्यंत ओळीने दाखवलं तर माणूस पहिल्या उत्तराला चिकटतो आणि सीमा पुढे ढकलली जाते. उलट्या ओळीने दाखवलं तर ती मागे येते. 'ही वाटी आहे का?' असं विचारलं तर भिडेखातर होकार मिळतो. चारचौघांत विचारलं तर पहिल्याचं उत्तर सगळे गिरवतात. आणि प्रमाण मराठी ऐकून माणूस घरचा शब्द गिळतो. नागपुरात हे फार होतं, शाळेत 'कोथिंबीर' लिहिणारं पोर घरी 'सांबार' आणायला जातं. म्हणून विचारणाऱ्याने त्यांच्याच बोलीत बोलावं.

उत्तरं जमली की नाव किती एकमुखी आहे हे मोजता येतं. साधा मार्ग म्हणजे सर्वांत जास्त आलेल्या नावाची टक्केवारी. पण ती अर्धीच गोष्ट सांगते. 20 पैकी 10 जण गंज म्हणाले आणि उरलेले 10 पातेलं, किंवा 10 गंज, 5 पातेलं, 5 भगोना, दोन्हीकडे टक्केवारी 50 च येते. फरक पकडण्यासाठी प्रत्येक नावाचा वाटा घेऊन त्याला (1 भागिले वाटा) याच्या दोनच्या पायातल्या लॉगरिदमने (दोनचा कितवा घात घेतला की तो आकडा येतो, त्याने) गुणतात आणि बेरीज करतात. सगळे एकच नाव म्हणाले तर उत्तर 0. दोन नावं समसमान तर 1. वरच्या तीन नावांच्या उदाहरणात 0.5 + 0.5 + 0.5, म्हणजे 1.5. चार नावं समसमान तर 2. स्नॉडग्रास आणि व्हँडरवार्ट यांनी 1980 मध्ये 260 रेखाचित्रांसाठी हे आकडे काढले आणि तीच पद्धत पुढे अनेक भाषांत वापरली गेली. 'माहीत नाही' आणि 'जिभेवर आहे' ही उत्तरं या हिशेबात धरत नाहीत, ती वेगळी नोंदवतात, कारण ती नावाबद्दल काही सांगत नाहीत.

फळ, संत्रं, की अंबिया

एकाच वस्तूला लहानमोठ्या आवाक्याची नावं असतात. हातातलं संत्रं हे अन्नही आहे, फळही, संत्रंही, नागपुरी संत्रंही आणि अंबिया बहाराचं संत्रंही. तरी पाहुण्याला आपण 'संत्रं घ्या' म्हणतो. 1958 मध्ये रॉजर ब्राउन यांनी याकडे लक्ष वेधलं: मोठी माणसं मुलांना वस्तूचं तेच नाव आधी सांगतात, ज्या पातळीवर तिच्याशी एका विशिष्ट तऱ्हेने वागावं लागतं.

रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये या मधल्या पातळीची कसोटी लावली. लोकांना गटाची लक्षणं लिहायला सांगितली तर 'फर्निचर'साठी जेमतेम एखाददुसरं लक्षण आलं, 'खुर्ची'साठी भरपूर आली, आणि 'स्वयंपाकघरातली खुर्ची' म्हटल्यावर त्यात मोजकीच भर पडली. हालचालींचंही तसंच. खुर्चीवर बसताना शरीर काय काय करतं हे सांगता येतं, फर्निचरशी वागायची अशी ठरलेली हालचाल नाही. आकाराचंही तेच. अनेक खुर्च्यांच्या बाह्यरेषा एकावर एक ठेवून सरासरी काढली तर तीही खुर्चीच दिसते. सगळ्या फर्निचरची सरासरी काढली तर नुसता गोळा. सर्वांत वरच्या ज्या पातळीवर वस्तूंचे भाग, आकार आणि वापर एकदम जुळतात, तिथे नाव बसतं. संत्रं आणि मोसंबी आपण वेगळी मानतो याचंही हेच कारण: सैल साल हाताने सोलून फोडी काढायच्या, घट्ट सालीचं फळ सुरीने कापून रस काढायचा.

ही पातळी सगळ्यांची एकच नसते. नागपूरच्या कळमना मार्केटातल्या संत्र्यांच्या बाजारात 'संत्रं' म्हणून काही कळत नाही, तिथे सगळा माल संत्र्याचाच असतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचा अंबिया दिवाळीच्या आसपास उतरतो, पावसाळ्याच्या तोंडच्या फुलोऱ्याचा मृग फेब्रुवारीपासून पुढे. भाव, साल, टिकाऊपणा सगळं त्यावर, म्हणून नावही त्याच पातळीवर सुरू होतं. टनाका आणि टेलर यांनी 1991 मध्ये पक्ष्यांचे आणि कुत्र्यांचे जाणकार तपासले, तेव्हा आपापल्या विषयात त्यांना बारीक नाव साध्या नावाइतक्याच वेगाने सुचत होतं. दुसऱ्याच्या विषयात ते तुमच्याआमच्यासारखेच होते. झाडांबाबत याची उलटी बाजू दिसते. रॉश यांच्या शहरी विद्यार्थ्यांसाठी 'झाड' हीच मधली पातळी निघाली, संशोधकांना अपेक्षा होती ती त्याखालच्या नावांची. काटोलच्या शेतकऱ्याला बाभूळ, कडुनिंब, पळस ही पहिली नावं. फ्लॅटमधल्या पोराला तिन्ही झाडंच.

विचित्र वस्तू ही पायरी टाळतात. कावळ्याचं चित्र पाहून 'पक्षी' म्हणायला वेळ लागत नाही, पण शहामृग पाहिल्यावर 'शहामृग' आधी येतं, 'पक्षी' नंतर. गटातल्या इतरांसारखी न दिसणारी वस्तू थेट स्वतःच्या नावाने ओळखली जाते. लेबलं लिहिताना हे उपयोगी पडतं, कारण अशा वस्तूंना गटाखाली लपवलं तर त्या कुणाला सापडत नाहीत.

बरणी, बाटली, डबा

भाषा बदलली तर गट बदलतात का? बार्बरा मॉल्ट आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 60 डबे-बाटल्या अमेरिकन इंग्रजी, अर्जेंटिनातली स्पॅनिश आणि मँडरिन चिनी बोलणाऱ्यांपुढे ठेवल्या. नावांच्या बाबतीत तिन्ही भाषा पार वेगळ्या निघाल्या. इंग्रजीत 7 नावं वापरली गेली, स्पॅनिशमध्ये 15, चिनीत 5, आणि सीमाही एकमेकींवर बसेनात. पण 'एकसारख्या वस्तू एकत्र लावा' असं सांगितलं तेव्हा तिन्ही गटांनी बरीच सारखी मांडणी केली. इतवारीच्या दुकानात जे दिसतं तेच इथे 60 वस्तूंवर दिसलं.

नावं वेगळी पडतात कारण ती इतिहासाने चिकटतात. बरणी चिनी मातीची होती, लोणच्याची होती. मग काचेची आली, मग फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची आली, आणि प्रत्येक नवी वस्तू आधीच्या जवळच्या वस्तूचं नाव घेऊन बसली. आज लोणच्याची प्लास्टिकची 'बरणी' आणि बिस्किटांचा प्लास्टिकचा 'डबा' शेजारी ठेवले तर फरक दाखवणं कठीण. डब्याने तर टिफिनपासून रेल्वेपर्यंत मजल मारली. साखळीची दोन टोकं सारखी दिसत नाहीत, कड्या मात्र एकमेकींत अडकलेल्या असतात. म्हणून 'डब्याची व्याख्या काय' हा प्रश्नच मला फारसा कामाचा वाटत नाही. कोणती कडी कुणाला जोडली गेली, हे विचारलं तर उत्तर मिळतं.

काही गट तर नाव नसूनही असतात. लॉरेन्स बार्सलू यांनी 1983 मध्ये 'घराला आग लागली तर बाहेर काढायच्या गोष्टी' अशा गटांचा अभ्यास केला. मूल, दागिने, कागदपत्रं, कुत्रा यांत दिसण्याचं काही साम्य नाही, तरी या गटातही चांगली आणि फिकी उदाहरणं असतात. नागपुरात एप्रिलमध्ये 'कूलर लावायला लागणारं सामान' हा असाच गट: नवी ताटी (कूलरच्या बाजूंना लावतात ती गवताची जाळी), पंपाची वायर, पाण्याचा पाइप, स्टँडखाली द्यायच्या विटा, आणि बादली. वर्षातले दहा महिने हा गट कुणाच्या डोक्यात नसतो.

कूलरवरून भागांच्या नावांचंही सांगायला हवं. ट्वर्स्की आणि हेमनवे यांनी 1984 मध्ये दाखवलं की मधल्या पातळीच्या वस्तू ओळखू येतात त्या मुख्यतः भागांमुळे. कूलर म्हणजे पंखा, पंप, टाकी आणि तीन बाजूंच्या ताट्या. पण भागांची नावं वस्तूंच्या नावांइतकी एकमुखी नसतात. पंपाला कुणी मोटर म्हणतो, पंख्याच्या मोटरलाही मोटरच म्हणतो, आणि मिस्त्री चुकीचा सुटा भाग घेऊन येतो. फोनवर सांगताना भागाचं नाव सोडून काम सांगावं: 'पाणी वर चढत नाही' किंवा 'पातं फिरत नाही'. कामाबद्दल दोघांचं एकमत असतं, नावाबद्दल असेलच असं नाही.

मुलांनाही भागांची नावं उशिरा का येतात ते इथेच कळतं. अनोळखी शब्द ऐकला की मूल तो आधी अख्ख्या वस्तूला लावतं. त्या वस्तूचं नाव आधीच येत असेल तरच नवा शब्द भागाकडे वळतो. म्हणून 'ही तोटी' असं म्हणत नुसतं बोट दाखवू नये. आधी 'ही किटली', मग 'ही किटलीची तोटी'. दोन वर्षांच्या आसपास नवं नाव मुलं आकारावरून पसरवतात, रंग आणि कशाची बनलीय याकडे कमी लक्ष देतात. गोल दिसतं ते सगळं 'बॉल' ही त्याच वयातली चूक, ती आपोआप सुटते.

किराण्याचे कप्पे लावताना

समजा, गोकुळपेठेतल्या एका किराणा दुकानाला ॲपवर माल चढवायचाय किंवा नवी मांडणी करायचीय. मालकाच्या डोक्यातले गट बहुधा पुरवठादाराप्रमाणे असतात, गिऱ्हाइकाच्या डोक्यातले वापराप्रमाणे. ते काढायचा सोपा मार्ग म्हणजे चिठ्ठ्यांची विभागणी.

40 च्या आसपास चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक वस्तू: पोहे, मुरमुरे, लाखोळी डाळ, फल्लीदाणे (शेंगदाणे), तिखट, खोबरेल तेल, कापूर, काडेपेटी, फडा (झाडू), रांगोळी, भांड्यांची वडी असं. 60 च्या पुढे गेलात तर माणूस कंटाळून शेवटच्या चिठ्ठ्या कुठेही टाकतो. साधारण 15 गिऱ्हाइकं पुरतात. वेगवेगळ्या वयाची घ्या आणि ज्या घरची स्वयंपाक करणारी व्यक्ती दुकानात येत नाही, त्या घरचंही कुणी घ्या. प्रत्येकाला सांगा: जे सोबत ठेवावंसं वाटतं ते सोबत ठेवा, ढीग कितीही करा, शेवटी प्रत्येक ढिगाला तुमच्या शब्दांत नाव द्या. मध्ये बोलू नका, 'हे इथे का?' एवढं मात्र ढीग झाल्यावर विचारा.

चिठ्ठीवरचा शब्दच फसवू शकतो. 'तांदळाचं पीठ', 'तांदळाचे पापड', 'तांदूळ' असं लिहिलं तर लोक शब्द बघून एकत्र करतात, वस्तू बघून नाही. जमेल तिथे चित्र लावा. दुसरा अडथळा 'इतर' हा ढीग. कुणी तो मागितला तर द्या, पण पाचापेक्षा जास्त चिठ्ठ्या त्यात गेल्या तर यादीच चुकली असं समजा.

मग प्रत्येक जोडीसाठी मोजा: 15 पैकी किती जणांनी या दोन वस्तू एकाच ढिगात ठेवल्या. 12 किंवा जास्त असेल तर त्या शेजारी ठेवा, वाद नको. 4 किंवा कमी असेल तर लांब ठेवल्या तरी चालतं. मधल्या जोड्यांवर वेळ घालवा. पोहे बऱ्याचदा तिथेच निघतात, कारण धान्य म्हणूनही ते एका गटात असतात आणि नाश्ता म्हणूनही. खाण्याच्या वस्तूंचे असे दोन-दोन गट एकाच डोक्यात नांदतात, जातीवरून एक आणि कधी खातात यावरून दुसरा. ॲपवर अशी वस्तू दोन्ही ठिकाणी दाखवा. दुकानात फळी एकच असते, तिथे ज्या गटात ती जास्त वेळा पडली तिथे ठेवा आणि दुसऱ्या गटाच्या फळीवर छोटी पाटी लावा. खोबरेल तेल आणि कापूर यांचंही असंच होतं.

कप्प्याचं नाव गिऱ्हाइकाने ढिगाला दिलेल्या नावांतून उचला, आणि मधल्या पातळीवर ठेवा. 'खाद्यपदार्थ' लिहिलं तर अर्धं दुकान त्यात येतं, 'पातळ पोहे' लिहिलं तर एकच फळी होते. 'डाळी', 'तेल', 'पूजेचं' ही चालणारी नावं. शोधायच्या चौकटीत मात्र सगळी नावं चालली पाहिजेत: फल्लीदाणे, शेंगदाणे, मूंगफली, आलू आणि बटाटा, सांबार, कोथिंबीर, धनिया. 'सांबार'मध्ये एक मेख आहे. तो शोधणाऱ्याला कधी कोथिंबिरीची जुडी हवी असते, कधी इडलीसोबतच्या सांबाराचा मसाला. दोन्ही दाखवा, जुडी आधी.